वजनाचा काटा थबकतो तेव्हा

जठराच्या ऊर्ध्वभागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवून स्थूलतेवर इलाज करणारी जी शस्त्रक्रिया अमेरिकेत २००१ साली सरकारी मंजुरी मिळाल्यानंतर विशेष प्रचारात आली, ती करवून घेतलेल्या रुग्णाचे आरंभी झपाट्याने उतरणारे वजन काही आठवड्यांतच स्थिर झाले, म्हणजे त्याचे मन खचावे हे स्वाभाविक आहे. परंतु कारणे जाणून घेतल्यास निराशेचे प्रयोजन उरत नाही.

प्रथम घटते ती केवळ चरबी नव्हे. यकृतात व स्नायूंत साठविलेले ग्लायकोजेन अल्पाहारामुळे खर्ची पडते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही देहाबाहेर जाते. ही शिल्लक सरली, की चरबीच्या क्षयाची खरी, संथ गती प्रत्ययास येते. शिवाय पट्टा प्रारंभी बहुधा सैल असतो. त्वचेखालील कुपीतून क्षारजल भरून तो आवळण्याची तजवीज साधारणतः ४ ते ६ आठवड्यांनी होते, आणि दरम्यान शस्त्रक्रियेची सूज ओसरल्याने भूक परतते.

या मुदतीत प्रथिनयुक्त घन अन्न सावकाश चावून खावे, जेवताना पाणी पिऊ नये, आणि पट्ट्यातून विनासायास निसटणारी गोड पेये व आइस्क्रीम वर्ज्य करावीत. पट्टा अतिरिक्त आवळून घेण्याचा हट्ट मात्र धरू नये. त्याने वांत्या होतात व पट्टा सरकण्याचा धोका वाढतो. वांत्या थांबत नसतील, तर शल्यचिकित्सकाकडे विनाविलंब जावे. आठवड्यास अर्धा ते एक किलो घट ही या उपचाराची इष्ट गती होय. तेव्हा वाचकहो, रोजच्या काट्यावर नव्हे, महिन्याच्या हिशेबावर विश्वास ठेवा.