सूत, थाऊ, मायक्रॉन

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा आजूबाजूच्या गावांत धान्य पायलीनं मोजत. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-मीटर आले. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि खेड-मावळातली पोरं फिटर, टर्नर म्हणून कारखान्यांत शिरली. तोंडात सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ड्रॉइंगवर मात्र मिलिमीटर. ही माणसं दोन्हींत विचार करायला शिकली. मशीनवर थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि पुढे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हाही अंगवळणी पडला. जोडावरून नख फिरवून पायरी ओळखायची आणि मग व्हर्नियर लावायचा, अशी त्यांची रीत.

चाळिशी उलटली की पहिला फटका डोळ्याला. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरची कोणती रेघ जुळली हे चष्म्याशिवाय दिसेना. बोटांची संवेदनाही वयाबरोबर बोथट होते. पण नुसत्या अंदाजाचं काय होतं? २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हाल्बेर्दा आणि सहकाऱ्यांनी ११ ते ८५ वयाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना क्षणभर दोन रंगांचे ठिपके दाखवले आणि कोणते जास्त, एवढंच विचारलं. ही नजर तिशीपर्यंत तल्लख होत जाते, मग हळूहळू मंदावते, असं दिसलं. शाळा सुटल्यावरही ती कित्येक वर्षं वाढते, हे मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. शिवाय एकाच वयाच्या माणसांतही फरक बराच होता.

सत्तरच्या दशकात विशीत लागलेले कामगार २०१० च्या आगेमागे निवृत्त झाले. नेमकी तेव्हाच चाकणची औद्योगिक वसाहत भरत होती: बजाज १९९९ मध्ये आली होती, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन २००९ मध्ये आल्या. तिथे माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारे गो-नो गो गेज आणि सीएमएम, म्हणजे निर्देशांक-मापन यंत्रं, निवाडा करतात. अचूकता वाढली, हे निर्विवाद. पण डिजिटल व्हर्नियरचं शून्य सरकलं, तरी पडद्यावर आकडा तितकाच स्वच्छ उमटतो. ‘हा आकडा या जॉबचा असूच शकत नाही’ हे म्हणायला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, ओळखीचा असावा लागतो, आणि नजर मंदावली तरी ती ओळख निवृत्त माणसाच्या डोक्यात शाबूत असते.

आयटीआय आणि अप्रेंटिस शाळांनी या निवृत्त माणसांना आठवड्यातून एक दिवस तरी वर्गात बोलवावं. मुलांनी आधी अंदाज सांगावा, मग मोजावं, आणि चूक किती झाली ते वहीत लिहावं.