टिकटिक झाली? आधी तेल पाहा!

सौंसरहून जामसावळीला दर्शनाला निघालेली बुलेट ‘टिकटिक’ करू लागली, की आमच्या कॉलेजातली मुले लगेच इंजिन खोलायची भाषा करतात. जरा थांबा!

जुन्या बुलेटचे टॅपेट मेकॅनिक हाताने जुळवीत असे. 2009 साली आलेल्या क्लासिकमध्ये हायड्रॉलिक लिफ्टर होते. त्यांतले तेल दाबाखाली राहून व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढते. थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद आवाज आला, तर काळजी नको. रात्री निथळलेले तेल पुन्हा चढायला तेवढा वेळ लागतोच.

इंजिन तापल्यावरही आवाज राहिला, तर क्रमाने जा. आधी तेलाची पातळी, मग ग्रेड आणि फिल्टर, नंतर तेलाचा दाब. लिफ्टर सर्वांत शेवटी. तेलाने भरलेला लिफ्टर बोटाने सहज दबला, तर तो गेला समजा. दुर्लक्ष केले, तर कॅमही झिजतो.

मर्यादेबाहेर रेस केल्यास लिफ्टर जास्त तेल भरून घेतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि ताकद घटते. म्हणूनच शर्यतीच्या अनेक इंजिनांत साधे टॅपेट असतात.

घरात तेल म्हणा की एण्णे, इंजिनाला ते योग्य ग्रेडचे आणि वेळेवर द्या.