तुमच्या वाट्याचे युनिट किती?

घरातलं विजेचं बिल जरा मागून घ्या. "तुला कशाला हवंय?" असं आई विचारणारच. सांगा, हिशेब करायचाय! बिलावर महिन्याचे युनिट छापलेले असतात. समजा 120 युनिट झाले आणि घरात माणसं चार. म्हणजे रोज प्रत्येकाच्या वाट्याला एक युनिट. झाला हिशेब? छे, आत्ता कुठे सुरू झाला!

हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट खर्च होतं. 9 वॉटचा एलईडी दिवा तेवढ्यात शंभर तासांहून जास्त चालतो. (दिव्यावरून ओरडणाऱ्या आजोबांना हे लगेच सांगू नका.) पण गीझरमध्ये 20 लिटर पाणी 20 अंशांनी तापवलं, की जवळजवळ अर्धं युनिट गेलं. तुमची एक आंघोळ म्हणजे तो दिवा पन्नास तास!

आता स्वयंपाकघर. गॅसच्या सिलिंडरवर 14.2 किलो लिहिलेलं असतं. तेवढा गॅस जळला की साधारण 180 युनिटांएवढी उष्णता मिळते. तो 45 दिवस पुरला, तर दिवसाला चार युनिट. म्हणजे माणशी आणखी एक.

खरी गंमत पुढेच आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर जनित्र फिरवतात. यात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, बाकीची उष्णता हवेत आणि पाण्यात जाते. त्यामुळे तुमच्या एका युनिटामागे कोळशाची तीन युनिट उष्णता खर्ची पडते. वीज कोयनेच्या पाण्यावर बनलेली असेल, तर हा कोळसा मोजायलाच नको.

आणि जी ऊर्जा कुठल्याच बिलात दिसत नाही, ती? ओट्यावरचा कुकर बघा. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम बनवताना 14-15 युनिट वीज लागते. कुकर दोन किलोचा असेल, तर पहिली शिट्टी व्हायच्या आधीच त्याने सुमारे तीस युनिट खाल्लेली असतात! वही, चप्पल, शाळेचा डबा, सगळ्यांत अशी ऊर्जा दडलेली असते.

जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं, तर मात्र विसाव्या हिश्शाएवढ्याच ऊर्जेत काम भागतं. तेव्हा माळ्यावरची पोचे पडलेली पातेली आईला विचारून भंगारवाल्याला देऊन टाका.