दूध : किती आणि कोणत्या रूपात?

दुधाला पूर्णान्न म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. गोव्याच्या पारंपरिक आहारात मात्र दुधाचे स्थान मर्यादितच होते. उकड्या तांदळाची पेज, मासळी आणि नारळ यांवर येथील जेवण उभे होते. डोंगराळ भागातील धनगर-गवळी कुटुंबे म्हशी पाळून दूध, लोणी व तूप पुरवीत. इतर घरांत दारच्या गाईचे जे थोडे दूध मिळे, ते लहान मुले, आजारी माणसे व देवकार्य यांसाठी राखून ठेवले जाई.

हे चित्र आता पालटले आहे. देशात १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि सहकारी दुग्धव्यवसायाला चालना मिळाली. पेडणे व डिचोली या तालुक्यांतही शेतकरी गावच्या संस्थेला दूध घालू लागले. तरीही राज्याची गरज स्थानिक दुधावर भागत नाही. महाराष्ट्र व कर्नाटकातून येणारे पिशवीबंद दूध खेडोपाडीच्या दुकानांत मिळते. त्याबरोबरच आइस्क्रीम, गोड श्रीखंड व सुगंधी दूधही घराघरांत पोहोचले आहे. दूध वाढले, पण त्याच्या जोडीने साखरही वाढली, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. याचा दोष दुधाला देता येणार नाही. मधुमेहाची कारणे अनेक आहेत. परंतु दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेणाऱ्याच्या पोटात सुमारे ४० ग्रॅम साखर जाते, दूध मात्र अर्धा पेलाही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे हितावह आहे.

प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या आहारात दूध व दही मिळून दिवसाला ३०० मिलिलिटर धरले आहे. त्यातून या गरजेचा सुमारे एकतृतीयांश भाग भरून निघतो. नारळाचा रस पांढरा असला, तरी तो दुधाची जागा घेऊ शकत नाही. त्यात स्निग्धांश पुष्कळ, पण कॅल्शियम अत्यल्प असते. उलट नाचणीचे आंबील व काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतून कॅल्शियम चांगले मिळते. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना दही किंवा ताक बहुधा सोसते.

पिशवीवरील नावे समजून घेणेही उपयुक्त आहे. टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्ड दुधात १.५ टक्के, तर फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. वाढत्या वयाच्या सडपातळ मुलांना साय असलेले दूध चालते. हृदयविकार किंवा स्थूलता असलेल्यांनी कमी स्निग्धांशाचे दूध पसंत करावे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे आणि वर्षापर्यंत गाई-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. गोठ्यातून आलेले दूध न उकळता पिऊ नये. त्यातून क्षय व ब्रुसेलोसिस यांसारखे रोग संभवतात.

दुधाच्या पैशावर अनेक कुटुंबांचा संसार चालतो. म्हणूनच संस्थेला दूध घालण्यापूर्वी घरच्या मुलांचा व गरोदर स्त्रियांचा वाटा बाजूला काढण्याची पद्धत प्रत्येक घरी पडली पाहिजे. गोठ्यात दुभते जनावर आणि मुलांच्या हाती कोरा गोड चहा, असे होऊ नये. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात व पालकसभेत समजावून दिल्यास गावाच्या दुधाचा लाभ गावाच्या आरोग्यालाही होईल.