शेवाळाच्या बियाण्यांतील भेसळ

भातखाचरांत नत्र सांठण्यास निळें-हिरवें शेवाळ कारण होतें, हें पी. के. डे यांनीं १९३९ सालीं दाखविलें. त्याचें वाळलेलें बियाणें लावणीनंतर सुमारें आठवड्यानें हेक्टरी १० किलो फेंकावें, असें सांगतात. परंतु ज्या मूळ शेवाळापासून ही पुडी वाढविली, तें प्रयोगशाळेंत शुद्ध राखणें किती नाजूक काम आहे, याची कल्पना थोड्यांसच असते. उताऱ्यावर भात लिहिलें म्हणून शेतांत भातच असतें असें नाहीं, हें महसूल खात्यांत दिवस काढलेल्यांस ठाऊक आहे. बाटलीवरील चिठ्ठीचेंही तसेंच.

पाणी, क्षार व कांचेचीं भांडीं निर्जंतुक करणें कठीण नाहीं. दाबाच्या भांड्यांत १२१ अंश उष्णतेवर १५ ते २० मिनिटें ठेविलीं कीं काम झालें. खरी अडचण पुढेंच आहे. शेवाळ स्वतः उकळतां येत नाहीं, आणि तण तर त्याच्याच अंगास चिकटून येतें. म्हणून तणाची गरज ओळखून तेवढीच तोडावी लागते.

निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पाण्यांत नत्र मुळींच घालीत नाहींत. तें आपलें नत्र हवेंतून घेतें. साध्या हिरव्या शेवाळास ती विद्या नाहीं, सबब तें उपाशी राहतें. शेतावर वाफ्यांत बियाणें वाढवितांना सुपरफॉस्फेट घालावें पण युरिया घालूं नये, याचें कारण हेंच. युरियाची मूठ पडली कीं हिरव्या शेवाळाचें फावतें, आणि वाफा तर पूर्वीपेक्षां भरघोस दिसूं लागतो! तें पीक वाळवून खाचरांत टाकणाराचे श्रम मात्र फुकट जातात.

समुद्रशेवाळांत पीडा निराळी. डायाटम नांवाच्या सूक्ष्म शेवाळाचें कवच सिलिकाचें, म्हणजे वाळूच्या द्रव्याचें असतें. पाण्यांत जर्मेनियम डायॉक्साइड किंचित् घातल्यास डायाटम तें सिलिकाच्या जागीं घेतात व त्यांची वाढ खुंटते. हा शोध जॉइस लेविन यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. तपकिरी समुद्रशेवाळांपैकीं कित्येकांसही हें द्रव्य बाधतें. तेथें हात आंखडावा.

अल्व्हा या पानासारख्या हिरव्या समुद्रशेवाळास औषधावांचूनही निवडतां येतें. त्याच्या जननपेशी पोहतात व उजेडाकडे धांवतात. बशीच्या एका बाजूस दिवा ठेवावा, तेथें जमलेल्या पेशी बारीक नळीनें उचलून निर्जंतुक पाण्यांत सोडाव्या, आणि पुनः तसेंच करावें; घाण मागें राहते.

जंतूंवर पेनिसिलीनसारखीं औषधें चालतात, पण निळें-हिरवें शेवाळ स्वतःच जंतूंच्या कुळांतील असल्यामुळें तेंच मरण्याचें भय. त्यास आगरच्या थरावर पसरून स्वच्छ तंतू तेवढे उचलावे लागतात. (आगर काढतात तेंही समुद्रशेवाळापासूनच.) उलट, सर्व जंतू काढलेल्या अल्व्हाचें पान धड बनत नाहीं, पेशींचा विसविशीत गोळा होतो, तेव्हां प्रत्येक सोबती तण समजूं नये.

मूळ वाणाच्या दोन प्रती निरनिराळ्या कपाटांत ठेवाव्या आणि नवी प्रत करण्यापूर्वीं जुनी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी. बियाणें घेतांना ही तपासणी शेवटची केव्हां झाली, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें.