हलक्या चिठ्ठीची भारी वाइन

इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये अंतिनोरी कुटुंबाचा दगडी वाडा आहे, १५०६ साली विकत घेतलेला. त्याच्या भिंतीत जेमतेम बाटली जाईल एवढी खिडकी आहे. मळ्यातली वाइन तिथूनच गिऱ्हाइकाच्या हाती पडे. धंदा मात्र वाड्याहूनही जुना. जिओवान्नी दि पिएरो अंतिनोरी १३८५ साली शहरातल्या वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाला. आज घराण्याची सव्विसावी पिढी, पिएरो अंतिनोरींच्या तीन मुली, कारभारात आहे.

एवढ्या जुन्या घराने रीत सांभाळावी, अशीच कुणाचीही अपेक्षा असेल. पण त्यांनी ती मोडली, म्हणून तिन्यानेल्लो ही लाल वाइन जन्मली.

१९६६ साली सूत्रे पिएरोंकडे आली, तेव्हा टस्कनीच्या, म्हणजे फ्लोरेन्सच्याच प्रांताच्या, किआंती वाइनची पत घसरली होती. पुढच्याच वर्षीच्या नियमांनी लाल किआंतीत पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे केले. त्याने माल वाढे, पण वाइन पातळ होई आणि फार वर्षे टिकत नसे. पिएरो आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी साडेतीनशे ते चारशे मीटर उंचीवरच्या तिन्यानेल्लो मळ्याची द्राक्षे वेगळी काढली. सांजोवेझे ही तिथली मूळची जात. तिची वाइन त्यांनी ओकच्या लहान पिंपांत मुरवली. १९७१च्या हंगामापासून तिन्यानेल्लो हे मळ्याचे नावच वाइनचे नाव झाले. १९७५पासून पांढरी द्राक्षे पूर्ण बंद झाली. पुढे सुमारे ८० टक्के सांजोवेझे आणि बाकी काबर्ने द्राक्षाच्या दोन जाती, हे प्रमाण ठरले.

नियमात न बसल्याने बाटलीवर ‘किआंती’ लिहायची सोय राहिली नाही. उरली सर्वांत खालची पायरी, ‘टेबल वाइन’. रोजच्या जेवणातल्या स्वस्त वाइनची ती चिठ्ठी अंतिनोरींनी आपल्या उत्तम बाटलीवर लावली. सहा शतकांचे नाव पणाला लावण्याचे हे धाडस मोठेच म्हणायचे! इतरही त्या वाटेने गेले आणि अशा वाइनना ‘सुपर टस्कन’ म्हणू लागले. अखेर २००६च्या हंगामापासून किआंतीच्या जुन्या पट्ट्यातल्या ‘किआंती क्लासिको’त पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आली.

हवामान बिघडले की हे घर बाटलीच काढत नाही. १९७२ ते १९७४ सलग तीन वर्षे तिन्यानेल्लो निघाली नाही; २००२ सालीही नाही.

सांजोवेझे आता सोलापूर जिल्ह्यातही पिकते. अकलूजची फ्रातेली वायनरी तीच द्राक्षे काबर्ने सोव्हिन्योंसोबत मिसळून ‘सेत्ते’ ही लाल वाइन करते.