शिष्यवृत्तीचं येणं

संगमनेर परिसरातल्या शेतकरी घराला ‘येणं’ हा शब्द शिकवावा लागत नाही. दूध घातलं की दहा दिवसांनी पगार होतो. टोमॅटो बाजारात उतरवला की पट्टी हातात पडते. ऊस कारखान्याला गेला की चौदा दिवसांत बिल मिळावं, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेशच सांगतो. प्रत्येक येण्याला एक कागद असतो, एक मुदत असते, आणि मुदत टळली तर जाऊन विचारण्यात कुणाला संकोच वाटत नाही. त्याच घरातलं पोर कॉलेजात गेलं की मात्र भाषा बदलते. शिष्यवृत्तीबद्दल ‘मिळाली तर मिळाली’, ‘हुशार असेल तर देतील’ असं बोललं जातं, जणू ती कुणीतरी खूश होऊन दिलेली बक्षिसी आहे. या विषयातले बहुतेक गैरसमज या एकाच घोटाळ्यातून निघालेले दिसतात. राज्यातल्या मोठ्या योजनांचे नियम वाचले तर त्यात कौतुकाचा भाग फार थोडा आहे. अमुक प्रवर्ग, अमुक उत्पन्न, अमुक प्रकारचा प्रवेश, एवढं जुळलं की शुल्काचा अमुक हिस्सा शासन भरेल, असा तो सरळ व्यवहार आहे.

हुशारीचीच गोष्ट आधी घेऊ. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती आहे खरी. आपापल्या शाखेत बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती पदवीच्या काळात वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तर शिक्षणाला २० हजार रुपये देते. म्हणजे पदवीला महिन्याचे हजार रुपये झाले. आता दुसरी बाजू पाहा. अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांतून शिकायला बाहेर पडलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते, लहान गावांना त्याहून कमी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीची स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. गुणांच्या अटी असल्या तरी गुणवत्ता यादीत झळकण्याची गरज यांतल्या कशालाच नाही. तरीही पंचावन्न टक्केवाला मुलगा ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून अर्जच करत नाही, आणि घरचेही त्याला तसंच सांगतात.

‘खुल्या प्रवर्गाला काहीच नाही’ हे वाक्य तर इतक्यांदा ऐकू येतं की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं. जुलै २०२४च्या निर्णयानं त्याच उत्पन्न मर्यादेतल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींसाठी हा हिस्सा निम्म्यावरून पूर्ण झाला आणि परीक्षा शुल्कही त्यात आलं. अनुसूचित जातीच्या घरांतही असाच एक समज आहे, की उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणजे दार बंद. शिष्यवृत्तीचं दार बंद होतं, पण शिक्षण व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, तिला सगळे फ्रीशिप म्हणतात, ती त्या मर्यादेच्या पलीकडच्यांसाठीच आहे.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच महाग पडतो. ‘मुलींना सगळं फुकट झालं’ असं ऐकून संगमनेरची मुलगी पुण्याला अभियांत्रिकीला जाते आणि पहिल्याच महिन्यात घरच्यांचे डोळे पांढरे होतात. माफ झालेलं असतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. खोली, मेस, एसटी, विकास शुल्क, लॅपटॉप यांतलं काही त्या निर्णयात नाही. शिवाय प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला ही सवलत लागू नाही. ‘कोट्यातून घेऊ, फी तर माफच आहे’ या हिशोबानं जागा पक्की केलेल्या घराला चार वर्षांची पूर्ण फी भरावी लागते, आणि तोवर मागे फिरायची वाट उरलेली नसते. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. शुल्काची सवलत घेतली म्हणून तो बुडत नाही. ‘एकावर दुसरी चालत नाही’ हा नियम शुल्काच्या दोन योजनांना लागतो, शुल्क आणि निर्वाह या दोन वेगळ्या गरजांना नाही.

खरा गुंता कागदांचा आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून ते दाखल्यात धरत नाहीत, असा पक्का समज आहे. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला कुटुंबाच्या सगळ्या मार्गांनी आलेल्या उत्पन्नाचा असतो, त्यात शेती येते, दूध येतं, नोकरीही येते. गोंधळाचं मूळ नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रात आहे. तिथली मर्यादाही ८ लाखांचीच, पण ती मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न बाजूला ठेवतात. आकडा एकच असल्यामुळे लोक दोन्ही कागद एकच समजतात. मग नॉन-क्रिमीलेअर हातात असलेल्या शिक्षकाच्या मुलीचा शुल्काचा अर्ज उत्पन्नावर नाकारला गेला, की ‘वशिला लागतो’ असा निष्कर्ष निघतो. वशिल्याचा संबंध नसतो. दोन कागद दोन वेगळे प्रश्न विचारतात, एवढंच.

बँकेचंही असंच. ‘माझं खातं आधारला लिंक आहे’ असं विद्यार्थी ठामपणे सांगतो, आणि ते खोटंही नसतं. पण केवायसीसाठी बँकेनं आधार क्रमांक नोंदवणं वेगळं, आणि शासनाची रक्कम स्वीकारण्यासाठी खातं राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत आधारशी जोडलेलं असणं वेगळं. या दुसऱ्या नोंदीत एका आधारला एका वेळी एकच खातं असतं, आणि पैसे जातात ते सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात. कुठल्या तरी ऑफरसाठी मध्येच उघडलेलं डिजिटल खातं असं शेवटचं ठरू शकतं. शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून कॉलेजच्या खिडकीशी भांडण चालू असतं आणि रक्कम विसरलेल्या खात्यात पडून असते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागल्यापासून आणखी एक नाजूक गोष्ट झाली आहे. खात्यात दिसणाऱ्या त्या रकमेत निर्वाह भत्ता विद्यार्थ्याचा असतो, शुल्काचा भाग मात्र कॉलेजचा. तो मोबाइलवर खर्च झाला तर निकालाच्या किंवा दाखल्याच्या वेळी थकबाकी समोर येते. आपल्या खात्यात आहे ते सगळं आपलं नसतं, हा पैशाचा धडा एरवी पहिल्या उधारीनंतर कळतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हप्ते महिनोन्महिने रखडतात, पोर्टल ऐन मुदतीच्या आठवड्यात बसतं, आणि तुम्ही विद्यार्थ्यालाच कागद नीट ठेवायला सांगता, हे दोष गरिबाच्या माथी मारणं नाही का? उशीर खराच आहे आणि त्याची जबाबदारी शासनाचीच आहे. पण येणं समजण्याचा फायदा नेमका इथे आहे. बक्षिसाला उशीर झाला तर माणूस गप्प बसतो, येण्याला झाला तर मागतो. ऊस बिल थकलं की तालुक्यात मोर्चे निघतात ते शेतकऱ्याला आपला आकडा आणि आपली तारीख पाठ असते म्हणून. मागायला पुरावा लागतो, आणि तो अर्जाच्या क्रमांकापासून सुरू होतो.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा असतो: फुकट दिल्यानं मुलं ऐतखाऊ होतात. इतिहास याला फारशी साथ देत नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले, तेही शिक्षणानंतर संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून घेऊन. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४पासून चालू आहे, म्हणजे ती स्वातंत्र्याहून जुनी. आणि संगमनेरकरांना दूर जायचीही गरज नाही. १९६१ साली सुरू झालेल्या इथल्या महाविद्यालयाचं पूर्ण नाव वाचलं तर त्यात आधी नगरपालिका येते, मग मालपाणी, मग सारडा. नुसत्या विद्यार्थ्याच्या फीवर हे कॉलेज उभं राहिलेलं नाही. ज्या इमारतीत बसून ‘फुकट’ या शब्दावर चर्चा होते, तिच्या पाटीवरच मदत करणाऱ्यांची नावं आहेत.

कर्जाकडे वळलं की भीती सातबाऱ्याची असते. शैक्षणिक कर्ज म्हणजे उताऱ्यावर बोजा, असं धरूनच घरचे बँकेची पायरी चढत नाहीत, आणि गरज भागवायला खासगी सावकार किंवा सोनं गाठतात. २०१५च्या केंद्रीय पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नाही आणि तिसऱ्याचा जामीनही नाही, आई-वडील सहकर्जदार असतात एवढंच. पण ‘शिक्षण संपेपर्यंत काही भरायचं नाही, म्हणजे व्याज नाही’ हा समज त्याहून धोक्याचा. हप्ता थांबतो, व्याज चालूच असतं. समजा चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले, दर साधा १० टक्के, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू झाला. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, पुढच्यांवर ४०, ३० आणि २०. चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात, पहिला हप्ता भरण्याआधीच. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८३३ रुपये व्याज तेव्हाच भरत गेलं तर हा डोंगर वाढत नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर या काळातलं व्याज केंद्र भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर द्यावा लागतो. पुन्हा तोच कागद.

शिष्यवृत्तीचा उशीर आणि मेसचं बिल यांच्या मधल्या फटीत हल्ली मोबाइलवरची कर्जं शिरतात. दोन हजारांच्या कर्जात तीनशे ‘प्रक्रिया शुल्क’ आधीच कापून १,७०० हातात आणि आठवड्यानं दोन हजार परत, हा सौदा किरकोळ वाटतो. सरळ हिशोबानं तो वर्षाला नऊशे टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाचा एकूण वार्षिक खर्च आधी लेखी दाखवणं बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचाच खर्च देऊन बाहेर पडता येतं. जे ॲप तो आकडा दाखवत नाही, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. ही फट बुजवायचा जुना मार्ग महाराष्ट्रातलाच आहे: कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली कमवा आणि शिका योजना पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत चालते. तासाचा मोबदला थोडा असतो, पण त्यावर व्याज लागत नाही.

महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा अर्ज भरून झाला म्हणजे काम संपलं, हा शेवटचा गैरसमज. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनवर थांबतो, मग विभागाच्या, आणि कुठेही त्रुटी निघाली तर परत विद्यार्थ्याकडे येतो. तो परत आलेला आहे हे विद्यार्थ्यानं उघडून पाहिलं नाही तर मुदतीपर्यंत तिथेच राहतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करावं लागतं, ते आपोआप होत नाही. दुधाच्या पगाराच्या दिवशी घरात कुणीतरी पासबुक भरून आणतंच. त्याच फेरीत शिष्यवृत्तीच्या खात्याचंही भरून आणलं, तर कुठला हप्ता आला आणि कुठला राहिला, हे निदान घरात कळेल.